हर्णैहून हाकोदातेला: कोकणातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या ज्या मुलामुलींना अ‍ॅनिमे-मांगाचं, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आणि चित्रकथांचं वेड आहे आणि जपानला शिकायला जायचा विचार डोक्यात घोळतोय, त्यांच्यासाठी. आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. मी हर्णैची. होक्काइडो बेटाच्या दक्षिण टोकाला हाकोदाते नावाचं बंदर आहे, तिथे मत्स्यविज्ञानात मास्टर्स करते. सुट्टीत घरी आले की पडवीत, एसटीत, बंदरावर प्रश्न सुरू होतात. पोरांचे प्रश्न वेगळे, त्यांच्या आयांचे वेगळे. इथे दोन्ही आहेत.

खरं सांग, कार्टून बघून बघूनच गेलीस ना?

सुरुवात तिथूनच झाली, हो. २००५ च्या सुमारास डोरेमॉन हिंदीत टीव्हीवर आलं आणि माझ्या वयाची कोकणातली सगळी पिढी त्यावर वाढली. पुढे मोबाइलवर जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं वाचत मालिका बघायला लागलो. त्यातली घरं, शाळेच्या पायऱ्या, पावसाळी गल्ल्या, ताटातला भात आणि मासा बघून त्या देशाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. ते कुतूहल खरं होतं आणि त्याने मला पुष्कळ काही दिलं.

पण विषय मी निवडला तो बंदरामुळे. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो. होड्या धक्क्याला लागत नाहीत म्हणून बैलगाड्या पाण्यात घालून मासळी आणतात. ते बघत मोठं झाल्यावर मासळी कुठून येते, का कमी होते, हे शिकायचं होतं. दोन्ही ओढी एकाच दिशेला निघाल्या हे माझं भाग्य. ज्याला विषयाची ओढ नाही, फक्त टोकियोतल्या अकिहाबाराची अ‍ॅनिमे-मांगाची दुकानं बघायची आहेत, त्याने पैसे साठवून पंधरा दिवसांची सहल करावी. खूप आनंदाची होते ती सहल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळाच असते, आणि तिथे विषय आवडत नसेल तर कुठलीही मालिका तुम्हाला तारून नेत नाही.

टोकियो सोडून हे कुठलं गाव?

होक्काइडो विद्यापीठाचं मुख्य आवार सापोरोला आहे, पण मत्स्यविज्ञानाची शाखा हाकोदातेला. पदवीची मुलंसुद्धा सुरुवातीचा काळ सापोरोला काढून मग इकडे येतात. विद्यापीठाचं ‘ओशोरो मारू’ हे स्वतःचं प्रशिक्षण जहाज आहे. मासळीत काम करायचं तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

गाव जुनं आहे. १८५४ च्या तहाने परदेशी जहाजांना उघडलेल्या पहिल्या दोन बंदरांपैकी हे एक. १८५९ पासून इथे परदेशी व्यापार सुरू झाला. गावात अजून ट्राम चालते. एका बाजूला ३३४ मीटरचा डोंगर, दोन्हीकडे समुद्र, मध्ये अरुंद पट्टीवर वस्ती. रेल्वेप्रेमींसाठी सांगते: मुख्य बेटावरून इथे यायला समुद्राखालून बोगदा आहे, सेइकान, लांबी ५३.८५ किलोमीटर, १९८८ मध्ये सुरू झालेला. आपला करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. २०१६ पासून सेइकानमधून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनही धावते.

अ‍ॅनिमे बघून जपानी येतं का?

कान तयार होतो. ते कमी नाही. उच्चार, चढउतार, वाक्य कुठे संपतं, हे आपोआप बसतं, आणि वर्गात बसणाऱ्या बाकीच्यांपेक्षा तुम्ही तिथे पुढे असता. मराठी माणसाला आणखी एक फायदा आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नामाच्या मागे आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखे प्रत्यय लागतात. इंग्रजीतून शिकवणारे शिक्षक ज्यावर तास घालवतात ते आपल्याला सांगावंच लागत नाही.

पण मालिकेतले नायक ज्या भाषेत बोलतात ती भाषा प्राध्यापकांसमोर वापरायची नाही. लढाईतला हिरो स्वतःला ‘ओरे’ म्हणतो आणि समोरच्याला ‘ओमाए’, ते खऱ्या आयुष्यात अनोळखी माणसाला ऐकवलं तर तो दुखावतो. आपण आजोबांना ‘अरे तू’ म्हणत नाही, तितकं साधं आहे हे. त्यामुळे ऐकायला मालिका आणि बोलायला पाठ्यपुस्तक, ही विभागणी पाळा.

वाचायला मात्र मांगासारखा गुरू नाही. लहान मुलांसाठी आणि किशोरांसाठी जे मांगा निघतात त्यात प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षराच्या बाजूला बारीक अक्षरांत तिचा उच्चार छापलेला असतो. म्हणजे हिरागाना-काताकाना ही दोन अक्षरमाला आल्या की तुम्ही अडखळत का होईना पण वाचू शकता, आणि चित्र अर्धा अर्थ सांगतं. शाळेत आणि वर्तमानपत्रांत वापरायच्या कांजींची सरकारी यादी २,१३६ ची आहे. हा आकडा ऐकून घाबरू नका. त्या एकेक करून चेहऱ्यांसारख्या ओळखीच्या होत जातात.

कोकणात राहून जपानी शिकायची सोय आहे का?

तालुक्याच्या गावी फारशी नाही. पुणे हे जपानी शिकणाऱ्यांचं मोठं केंद्र आहे, मुंबईतही वर्ग आहेत, आणि आता तिथले पुष्कळ शिक्षक ऑनलाइन शिकवतात. रेंज मिळत असेल तर घरून जमतं. परीक्षा जेएलपीटी, पायऱ्या पाच, एन५ सगळ्यात सोपी आणि एन१ सगळ्यात अवघड. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तिला पुण्या-मुंबईला जावं लागतं. जुलैची परीक्षा भर पावसात येते. रेल्वेने एक दिवस आधीच निघा, आदल्या रात्रीवर भरवसा ठेवू नका.

विज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन इंग्रजीतून चालतं, त्यामुळे प्रवेशासाठी जपानी अडत नाही असं अनेक ठिकाणी दिसेल. पण बँक, दवाखाना, घरमालक, मासळीबाजार, सगळं जपानीत. एन४ इतकी तयारी करूनच विमानात बसा, हा माझा आग्रह आहे.

मांगा तिथे किती स्वस्त? रोज वाचता का?

नवं पुस्तक साधारण पाचशे-साडेपाचशे येनला. शंभर येन म्हणजे ५५ ते ६० रुपये धरा. पण विद्यार्थी नवं क्वचितच घेतात. जुन्या पुस्तकांची मोठी दुकानं गावोगाव आहेत, तिथे ११० येनचा एक वेगळा विभागच असतो. मी शनिवारी दुपारी तिथे जाते. आत उभ्यानेच वाचणारी माणसं असतात: शाळेच्या गणवेशातली मुलं, भाजीची पिशवी पायाशी ठेवलेल्या बायका, ऑफिसातले गृहस्थ. कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त पानांचा आवाज. एका आजोबांच्या हातात खेळावरची मांगा होती, मी तोच भाग शोधतेय हे त्यांनी पाहिलं आणि वाचून झाल्यावर माझ्या हातात आणून दिला. ‘हा शेवटचा बरा आहे’ एवढंच म्हणाले.

घरच्यांना हे सांगायला हवं, कारण आपल्याकडे चित्रांची पुस्तकं म्हणजे लहान मुलांची अशी समजूत आहे. तिथे स्वयंपाकावर मांगा आहे, शेतीवर, मासेमारीवर, दवाखान्यावर, म्हाताऱ्या जोडप्यांवर आहे. ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक १९६८ पासून निघतंय आणि ते वाचत आलेली माणसं आता आजोबा झालीत.

हाकोदातेला राहून फॅन म्हणून काय करता येतं? तिथे तर काही नसेल.

पुष्कळ आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कोनन’ मालिकेचा दरवर्षीचा सिनेमा आला तो हाकोदातेत घडणारा होता. त्याने १,५०० कोटी येनच्या वर गल्ला केला. सिनेमात दिसलेला उतार, गोदामं, ट्रामचा थांबा शोधत चाहत्यांची रीघ लागली. जपानभर चाहते असेच आवडत्या कथेतली खरी ठिकाणं बघत फिरतात. दुकानदारांना त्याचं कौतुक असतं, ते स्वतःहून सांगतात की अमुक दृश्य इथून दिसतं. हे मला फार आवडतं. कथेवरचं प्रेम माणसाला खऱ्या गावात आणतं, तिथे तो जेवतो, राहतो, इतिहास वाचतो.

गावातलं मोठं ठिकाण म्हणजे गोर्योकाकु, ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, १८६४ मध्ये बांधून झाला. सुवर्णदुर्ग रोज दारातून बघणाऱ्या हर्णैकरांना किल्ल्याचं अप्रूप नसतं, पण हा सपाटीवर आहे, पाण्याच्या खंदकाने वेढलेला, आणि शेजारच्या मनोऱ्यावरून पाहिला तरच त्याचा तारा दिसतो. खंदकाच्या काठाने चेरीची सुमारे १,६०० झाडं आहेत. होक्काइडोत चेरी उशिरा फुलते, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला.

‘गोल्डन कामुई’ ही २०१४ ते २०२२ या काळात आलेली मांगा ज्यांनी वाचली असेल त्यांना होक्काइडोतल्या मूळ रहिवासी आयनू लोकांबद्दल थोडं माहीत असेल. ती वाचूनच मी हाकोदातेतल्या उत्तरेकडच्या लोकांच्या संग्रहालयात गेले, आणि पुढे शिराओइ इथल्या उपोपोय या राष्ट्रीय केंद्रालाही. ते जुलै २०२० मध्ये सुरू झालं. मासळीच्या कातडीचे अंगरखे आणि बूट समोर ठेवलेले बघितले तेव्हा मी बराच वेळ तिथून हललेच नाही.

गाण्याची आवड असेल तर ग्ले हा रॉक बँड इथलाच, १९८८ मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला. जुलै १९९९ मध्ये त्यांच्या एका मैफलीला दोन लाख माणसं आली होती. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांना त्यांची गाणी पाठ आहेत. कराओकेला गेलो की त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळतात.

सिनेमा बघायला जाता का? महाग असेल ना?

साधं तिकीट २,००० येनच्या घरात, विद्यार्थ्यांना सुमारे १,५०० येन. शेवटची नावं संपून दिवे लागेपर्यंत कोणी उठत नाही. बोलणं तर नाहीच.

याला एक सुंदर अपवाद आहे. आपल्या सिनेमांचे खास खेळ होतात तिथे टाळ्या, घोषणा, कागदाचे तुकडे उधळणं, सगळ्याला परवानगी असते, आणि जपानी बायका साड्या नेसून येतात. ‘आरआरआर’ तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये लागला आणि प्रचंड चालला. भारतीय आहे म्हटल्यावर लोक मला त्यातल्या नाचाबद्दल विचारतात. मग मी त्यांना शिमग्यातला नाच दाखवते.

मासे मिळतात का? जेवणाचं काय करतेस?

हा प्रश्न आईच्या वयाच्या सगळ्या विचारतात, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं.

हाकोदाते हे माकुलाचं (स्क्विडचं) गाव. शहराचा अधिकृत मासाच माकूल आहे, मॅनहोलच्या झाकणावरसुद्धा त्याचं चित्र. जूनमध्ये हंगाम सुरू होतो. सकाळच्या बाजारात टाकीतलं जिवंत माकूल गळाने काढायचं, तिथेच कापून ते नुडल्ससारख्या बारीक पट्ट्या करून देतात. मांस काचेसारखं पारदर्शक असतं आणि चावताना कुरकुरतं. आपल्याकडे रस्सा किंवा तळून खायची सवय, पण ताजेपणा ओळखणाऱ्या कोकणी माणसाला ते आवडतं. माझे बाबा फोनवर बघून म्हणाले, ‘हे आजचं आहे.’

रात्री डोंगरावरून समुद्रात दिव्यांची रांग दिसते, त्या माकूल पकडणाऱ्या होड्या. दिवा लावून, गळाने, हा त्यांचा जुना धंदा. आपल्याकडे दिव्याची मासेमारी म्हटलं की भांडण आठवतं, कारण इथे एलईडीच्या झोतात मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी घाऊक मासळी उपसली जाते. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार चालूच आहे. दिवा दोन्हीकडे आहे, फरक त्याच्याखाली काय सोडतात त्याचा. आणि हाकोदातेतही सगळं आलबेल नाही. गेल्या काही वर्षांत माकुलाची आवक फार घटली आहे, समुद्र तापतोय, आणि पूर्वी दक्षिणेला मिळणारा बुरी मासा आता होक्काइडोत जाळ्यात येतो. बाजारात म्हातारे विक्रेते हेच बोलत असतात, हर्णैला बोलतात तसंच.

घरी मी साबा आणते. तो बांगड्याच्या जवळचा, पण जास्त तेलकट. त्याचं तिखलं उत्तम होतं, फक्त तेल अगदी कमी घालायचं. तिरफळं घरून नेते. संपली की सानशो वापरते. सानशो हे तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे, जपानी लोक त्याची पूड भाजलेल्या वामीसारख्या माशावर घालतात. वास लिंबाकडे झुकणारा, जिभेला तीच झिणझिण. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला मी तिरफळ चाखायला दिलं तर ती डोळे मोठे करून हसायलाच लागली. नारळाचं दूध डब्यातलं मिळतं. त्यात आमसुलं भिजवून सोलकढी होते, ताज्याइतकी नाही, पण भाताबरोबर छान लागते. तांदूळ तिथला चिकट आहे. त्याची पेज चांगली होते, खिचडीही. उकड्या तांदळाची आठवण येते ती मात्र येतेच.

बाहेर खायचं तर लकी पिएरो नावाची बर्गरची दुकानं फक्त हाकोदाते आणि आसपासच आहेत, तिथला चायनीज चिकन बर्गर विद्यार्थ्यांचा आवडता. आणखी एक सूचना: हाकोदातेत ‘याकितोरी’ म्हणून जो डबा मिळतो त्यात कोंबडी नसते, डुकराचं मांस असतं. जे खात नाहीत त्यांनी विचारूनच घ्यावं.

श्रावणात काय करतेस? संकष्टीला?

शाकाहार अवघड आहे. भाजीच्या सुपात, सॉसमध्ये, कोशिंबिरीवरसुद्धा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क असतो. घरी केलं तरच खात्री. हाकोदातेचं कोंबु हे समुद्री शेवाळ प्रसिद्ध आहे. ते रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी त्या पाण्याला नुसत्या मीठ-आल्याने चव येते. बौद्ध मठांतलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, पण ते महाग. मी श्रावणी सोमवार आणि संकष्टी पाळते, बाकी आजीची सवलत आहे.

मेमध्ये कोणी येणार असेल तर हापूसची पेटी पाठवू का?

नका पाठवू, विमानतळावर काढून घेतील. फळमाशीच्या भीतीने जपानने आपल्या आंब्याला १९८६ पासून बंदी घातली होती. ती २००६ मध्ये उठली, पण फक्त वाफेच्या उष्णतेची ठरलेली प्रक्रिया करून, तपासणीचं प्रमाणपत्र घेऊन व्यापारी मार्गाने जाणाऱ्या आंब्याला. घरची पेटी त्यात बसत नाही. डबाबंद रस आणि आंबापोळी नेता येते. दोन्ही मी नेते, आणि आमच्या प्रयोगशाळेत आंबापोळीची वाट बघतात.

थंडीत कसं राहतेस?

जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या खाली असतं. घर तापवायला रॉकेलचा स्टोव्ह असतो, भिंतीत बसवलेला, धूर बाहेर सोडणारा. रॉकेल घेऊन गाडी दारात येते. दोन-चार दिवस बाहेरगावी जायचं असेल तर नळातलं सगळं पाणी उतरवून जावं लागतं, नाहीतर ते पाइपात गोठून पाइप फुटतो. घर भाड्याने घेताना मालकाकडून हे करून बघा. बूट तिथेच घ्या, बर्फासाठी वेगळ्या तळव्याचे मिळतात, इथून नेलेले चालत नाहीत.

जूनमध्ये होक्काइडोत आपल्यासारखा पावसाळा नसतो. थंडीपेक्षा मला त्याचंच जास्त जड जातं.

भूकंप? त्सुनामी?

होतात, आणि तयारीही असते. फोनवर इशारा आधी येतो, काही सेकंद मिळतात. प्रत्येक वस्तीत कुठे जमायचं ते ठरलेलं असतं, किनाऱ्यावर उंचीच्या पाट्या लावलेल्या असतात. ३० जुलै २०२५ ला कामचाट्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा होक्काइडोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्सुनामीचा इशारा लागला आणि लोकांना उंचावर जायला सांगितलं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडने सोसलंय, तेव्हा समुद्राचा इशारा हलका घ्यायचा नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गेल्या गेल्या आपल्या खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत एकदा चालून या.

मुलीला एवढ्या लांब एकटीला पाठवायचं?

रात्री उशिरा प्रयोगशाळेतून चालत घरी येणं तिथे सहज होतं. वाईट अनुभव येतच नाहीत असं नाही, मोठ्या शहरांत गर्दीच्या गाड्यांत त्रास देणारे असतात, म्हणून तिथे बायकांचे वेगळे डबे आहेत. पोलिस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९. आरोग्य विम्यात नाव घातलं की दवाखान्याच्या बिलाच्या ३० टक्केच भरावे लागतात. घर ठरल्यावर १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, विम्याचं कामही तिथेच होतं. आयांना माझं एकच सांगणं आहे: रोज फोन करा, पण वेळ बघून. जपान साडेतीन तास पुढे आहे, आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथे साडेबारा.

खर्च किती? शिकता शिकता काम करून भागतं का?

सरकारी विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन, शिवाय प्रवेशाच्या वेळी २,८२,००० येन. म्हणजे वर्षाची फी साधारण तीन लाख रुपये. राहणं-खाणं वेगळं, हाकोदातेत ते टोकियोपेक्षा बरंच कमी.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे जपान सरकारची मोनबुकागाकुशो शिष्यवृत्ती. फी माफ, विमानाचं तिकीट, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना महिन्याला सुमारे १,४४,००० येन. अर्ज एकतर वकिलातीमार्फत, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास, नाहीतर विद्यापीठामार्फत. त्यासाठी आधी प्राध्यापकाला पत्र लिहून विषय जुळवावा लागतो. ते पत्र मनापासून लिहा. दहा जणांना एकच मजकूर पाठवला की त्यांना लगेच कळतं.

विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते. ती असली की आठवड्याला २८ तासांपर्यंत, आणि लांब सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. बार किंवा नाइट क्लबसारख्या ठिकाणी मनाई आहे. तास ओलांडले तर व्हिसा वाढवताना अडचण येते, म्हणून ‘थोडं जास्त केलं तर काय होतं’ असं म्हणणाऱ्या मालकाकडे थांबू नका. होक्काइडोत तासाला हजार येनच्या थोडं वर मिळतात. वरखर्च, पुस्तकं, सिनेमा निघतो. फी या कमाईतून भरण्याचा हिशेब करून मात्र येऊ नका, अभ्यास बुडतो.

एकटं वाटत नाही?

वाटतं, विशेषतः फेब्रुवारीत. पण माणसं जोडली जातात आणि त्यात या आवडींचा मोठा वाटा आहे. प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात मी जेवताना गप्प असे. माझ्या पेन्सिल-पाऊचला कोननची चावीची साखळी लटकत होती, ती बघून समोरची मुलगी बोलायला लागली. आता तीच मला फॉर्म भरायला मदत करते आणि मी तिला चहा करायला शिकवते. कॅप्सूलमधली तीनशे येनची खेळणी, मालिकेचा नवा भाग, कोणाचा आवाज कोणाला दिलाय याच्या चर्चा, यातून ओळख होते आणि पुढे ती ओळख या सगळ्याच्या पलीकडे जाते.

शिवाय गावाचे सण. ७ जुलैला हाकोदातेची लहान मुलं पारंपरिक गाणं म्हणत दारोदार जातात. पूर्वी मेणबत्ती मागत, आता खाऊ मिळतो. दाराशी बांबूची डहाळी सजवलेली असली की तिथे जायचं. मी खाऊ आणून ठेवते आणि ते आले की मला नमन-खेळे दारात आल्यासारखंच वाटतं. ऑगस्टच्या १ ते ५ तारखेला बंदराचा उत्सव असतो. १९३४ च्या मोठ्या आगीत गाव जळालं, दोन हजारांवर माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी लोकांना उभारी यावी म्हणून हा उत्सव सुरू झाला. त्यात हजारो लोक रस्त्यावर माकुलाचा नाच करतात. हात-पाय सोपे आहेत, कोणीही रांगेत शिरावं.

गणपतीला येता येतं का?

येतं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. जपानी विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, वसंताची फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे गणपती आणि शिमगा दोन्ही सुट्टीत पडतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतून रजा मागावी लागते, पण लवकर सांगितलं तर सर देतात. मी पालखीबद्दल सविस्तर सांगितलं होतं, सरांनी फोटो मागितले. हुकतो तो आंबा. मेमध्ये तास जोरात चालू असतात. मुंबईहून पुढच्या गाडीचं आरक्षण मात्र आता ६० दिवस आधीच उघडतं, विमानाची तारीख त्याला धरून काढा. गणपतीत गाडी मिळणं हे विमान मिळण्यापेक्षा कठीण आहे.

घरच्यांना हे वेड पटत नाही. काय करू?

भांडू नका, शेजारी बसवून दाखवा. माझ्या आजीला मी भारत-जपानने मिळून केलेला, १९९३ चा रामायणावरचा अ‍ॅनिमेशनपट दाखवला. तो जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागला होता. आजी शेवटपर्यंत बसली, मध्ये दोनदा हात जोडले. त्यानंतर ‘कार्टून’ हा शब्द आमच्या घरात कोणी तुच्छतेने वापरला नाही.

आणि आईवडिलांना सांगते: पोरगं काय बघतं ते एकदा विचारा. त्याला कथा आवडते, चित्र आवडतं, गाणं आवडतं की भाषा, हे कळलं तर पुढचा रस्ता दिसतो. चित्र आवडणारा जपानला न जाताही इथेच अ‍ॅनिमेशन शिकेल. भाषा आवडणारीला पुण्यात दुभाष्याचं काम मिळू शकतं.

बॅगेत काय भरू?

आमसुलं, तिरफळं, मालवणी मसाला, हे दुकानातल्या बंद पाकिटांत न्या आणि विचारलं तर दाखवा. घरगुती पुरचुंडीपेक्षा छापील पाकीट सहज सुटतं. मांसाचं काहीही नको, अगदी डबाबंदसुद्धा. मासळीवर तशी बंदी नाही, पण सुका जवळा नेणार असाल तर तीन पिशव्यांत बांधा. तांदूळ, बिया, ताजी फळं, कढीपत्त्याची पानं नकोत. सर्दीच्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन जास्त असतं, त्या जपानमध्ये चालत नाहीत. घटक वाचून घ्या. नेहमीची औषधं महिनाभराची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. किसणी, छोटा कुकर आणि मिसळणाचा डबा न्या. स्वेटर एकच, बाकी तिकडे घ्या. आणि परत येतानाचा विचार करून मोठी बॅग घ्या, कारण मांगा जड असतात आणि तीस पुस्तकांतच बरेच किलो भरतात.